तिसरा उद्गार

"शेजीच्या अंगणात तारा लागतो नाताळाला,
माझ्या गं चांदण्याला कुणी ढकललं पाताळाला..."

जात्याच्या घरघरीवर आईचा आवाज चढत होता. आज इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या सकाळी जाग येताना तो आवाज आधी कानात येतो आणि मग मी कुठे आहे ते कळतं.

त्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. आई पडवीत हरभऱ्याची डाळ भरडत बसली होती. जातं तिने मुद्दाम मधल्या भिंतीला लावून मांडलं होतं. भिंतीपलीकडे मार्थाकाकूचं घर. भिंत कच्च्या विटांची, दोन्ही घरांची मिळून एकच. इकडे कुणी खोकलं तरी तिकडे ऐकू जायचं.

"आई, आज तरी नको गं," मी म्हणाले. मी तेव्हा नगरला मिशनच्या शाळेत शिकवत होते आणि ईस्टरच्या सुट्टीत गावी आले होते.

"का? आज काय हाय?"

"झावळ्यांचा रविवार आहे. राजा येतोय म्हणून लोकांनी वाटेवर आपले कपडे अंथरले, तो दिवस."

"आन् त्याच लोकांनी शुक्रवारी त्याला खिळ्यांनी ठोकला. मला नको शिकवू, हन्ना. त्यांच्यातलीच एक पलीकडं ऱ्हाती."

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग मार्थाकाकू, जणू कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, "योहाना, कोंबड्यांना कोंडा टाक रे. काही कोंबड्यांना कितीबी टाका, त्यांचं कोकलणं थांबत न्हाई."

आईने जात्यात मूठभर हरभरे टाकले. खुंटा घट्ट धरला. तिच्या ओठांवर हसू आलं, ते मला आवडलं नाही.

"वळचणीच्या सापाला पाजिलं गं दूध दोन्ही येळा,
डसायच्या वक्ताला त्याला माझाच दिसला बाळा."

हा साप म्हणजे योहान. मार्थाकाकूचा मुलगा, माझा चुलतभाऊ. त्याचे वडील, माझे नाथानकाका, तो नीट चालायला लागला त्या वर्षी गेले. तेव्हापासून माझ्या वडिलांनी त्याला वाढवलं. तो आणि माझा धाकटा भाऊ शमुवेल, दोघे एका वयाचे. एका ताटात जेवत, एकाच घोंगडीत झोपत. आई दूध ओतायची तेव्हा दोन पेल्यांतलं दूध समोर धरून सारखं झालं का ते बघायची. वस्तीत त्यांना कुणी वेगळ्या नावांनी हाक मारत नसे, 'शमू-योहान' असंच म्हणत.

त्या रविवाराच्या आधीच्या चौथ्या नाताळात शमू गेला.

चोवीस डिसेंबरला दिवस मावळताना आमच्या देवळाच्या घंटाघरावर तारा चढवायचा, ही नांदूरखेलच्या मंडळीची जुनी रीत. बांबूच्या कामट्या, लाल-पांढरा पतंगी कागद, आत कंदील. तारा दरवर्षी शमू आणि योहान बांधायचे. दोन शिड्या एकीला एक बांधून भिंतीला लावायच्या. एकजण वर चढायचा आणि एकजण खाली शिडी धरायचा. तारा आकड्याला लागला की पाळक प्रार्थना करायचे. प्रार्थना संपली की दोरी ओढून तारा कळसापर्यंत न्यायचा, आणि मग घंटा. त्या संध्याकाळी शमू वर होता. योहान शिडीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, ते सगळ्या वस्तीने पाहिलं. मी पण पाहिलं. तेव्हाचे म्हातारे पाळक म्हणाले, "प्रार्थना करू या." आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना मोठी नव्हती. मध्येच लाकूड दगडावर घासत गेल्याचा आवाज आला, आणि मग दुसरा आवाज.

डोळे उघडले तेव्हा शमू पायरीवर पडला होता. बाबा त्याच्यावर वाकले होते. आणि योहान पलीकडे कडुलिंबाखाली, शिडीपासून लांब उभा होता.

मंडळीच्या पंचांनी त्याला विचारलं. तो एवढंच म्हणाला, "शिडीपाशी मीच होतो."

"मग सोडलीस का?"

तो पुढे बोलला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्याआधी आईच्या ओव्या अशा नव्हत्या. आमचे सण मला पाळकांच्या उपदेशातून कळले नाहीत, ते आईच्या जात्यावरून कळले. उपासाचे चाळीस दिवस लागले की ती हळू आवाजात गायची, गळ्यात माती अडकल्यासारखी. हंगामाच्या सणाला गाणं ज्वारीच्या कणसासारखं डुलायचं. ईस्टरच्या आदल्या दिवशी तर शेजारच्या बायका आपलं दळण घेऊन आमच्याच पडवीत यायच्या, कारण त्यांना हे ऐकायचं असायचं:

"ईस्टरच्या पहाटेला कबर मोकळी, दगड दूर,
मरणाच्या उंबऱ्याला सांडला गं उजेडाचा पूर."

शमूनंतर ती ओवी तिने एकदाही म्हटली नाही. ईस्टरला सारी मंडळी उजाडायच्या आत गात गात कबरस्थानात जायची. आई सगळे परत आल्यावर एकटी जायची. तिला शमूच्या दगडापाशी योहानची सावली नको होती. नाताळात मार्थाकाकूने पहिल्या वर्षी करंज्यांचं ताट पाठवलं. आईने वरचा रुमालही न काढता ते तसंच परत केलं. दुसऱ्या वर्षी काकूने ताट पाठवलं नाही, पण आमच्या दारासमोरून ते दुसऱ्या घरी घेऊन गेली, अगदी सावकाश. हंगामाच्या सणाला वेदीसमोर धान्य वाहतात, तिथेही आई आपली पाटी काकूच्या पाटीपासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवायची. आणि प्रभुभोजनाला ती पुढे जायचीच नाही. मनात वैर धरून त्या भाकरीला हात लावू नये असं आमच्यात मानतात. आई म्हणायची, "मग न्हाई लावत. उपाशी ऱ्हाईन, पण त्याच्याबरोबर एका प्याल्याला तोंड न्हाई लावणार."

त्या वर्षी योहानचं लग्न ठरलं होतं. राहुरीच्या लाजरस मास्तर मकासऱ्यांची सुलोचना. ईस्टर झाला की त्याच आठवड्यात लग्न. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं जाहीर करतात. कुणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगायचं. दोन रविवार झाले होते. आई उठली नव्हती. तिसरा रविवार त्या दिवशीचाच होता.

मार्थाकाकू त्या भीतीने वाळली होती. तिच्या घरात त्या काळात आनंद असा नव्हताच. नवीन साडी आणली तरी ती गुंडाळून, लपवून.

*

देवळात त्या दिवशी सगळ्यांच्या हातात शिंदीच्या झावळ्या होत्या. पोरं त्यांनी एकमेकांना टोचत होती. आमचे नवे पाळक, त्रिभुवनसाहेब, तरुण होते आणि आमच्या मंडळीत येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. उपदेशानंतर त्यांनी दानाची मखमली थैली पुढे घेतली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायची आमच्याकडे वेगळी पद्धत आहे. पाळक बोलत नाहीत, मंडळीतलेच सातजण बोलतात. कोण, ते झावळ्यांच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. एकदा चिठ्ठी निघाली की ती बदलत नाहीत. आणि शुक्रवारी बोलणारा बोलत असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. दुपारचे ते तीन तास म्हणजे प्रभूच्या मरणाचे तास.

पहिला उद्गार क्षमेचा. तो वेशीजवळच्या याकोब सुताराला आला. दुसरा चोराला दिलेल्या वचनाचा. तो एका म्हाताऱ्या दाईला. पाळकांनी तिसरी चिठ्ठी काढली, उघडली, आणि वाचायच्या आधी जरा थांबले.

"तिसरा. आईला शिष्याच्या हाती आणि शिष्याला आईच्या हाती सोपवणारा उद्गार." ते घसा खाकरले. "राहेलबाई अमोलिक."

सगळ्या माना आईकडे वळल्या. मग मार्थाकाकूकडे. मग योहानकडे. योहान हातातल्या झावळीचा शेंडा सोलत बसला होता. तो तसाच सोलत राहिला.

बाबा माझ्या बाजूलाच बसले होते, पुरुषांच्या ओळीच्या टोकाला. ते पंच होते, मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या पंचांपैकी. पण शमू गेल्यापासून त्यांनी देवळात एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. पंचमंडळात बोलायची पाळी आली की ते म्हणायचे, "दुसऱ्याला द्या." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

शेवटी पाळकांनी लग्नाची घोषणा केली. "नाथान अमोलिक यांचा मुलगा योहान, आणि... तिसरी आणि शेवटची वेळ. कुणाची हरकत असल्यास आता सांगावी."

आई झावळीने वारा घेत बसली होती. ती उठली नाही. फक्त मार्थाकाकूकडे बघून मान हलवली, पाहुणीला 'बस, बस' म्हणतात तशी.

वाटेत मी विचारलं, "तू काय करणार आहेस?"

"मी कशाला काय करू? देवानं चिठ्ठी काढली."

"आई."

ती थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला. "आज उठले असते, तर पंचांनी मला चार भिंतींत नेऊन गप केलं असतं. चहा पाजला असता. शुक्रवारी मला कुणी गप करणार न्हाई. लाजरस मास्तर यणार हाय ना, सोयऱ्याची मंडळी बघायला? बघू दे. लेक कुणाच्या हातात देतोय ते ऐकून जाऊ दे. तेवढी चाड मी ठेवीन त्याच्या लेकीची."

"लग्न मोडेल."

"मोडू दे की. मी कुठं माझ्या लेकाचं लावलं?"

*

मार्थाकाकूला ते बुधवारी कळलं. कुणी सांगितलं ठाऊक नाही. आई स्वतः कुठे लपवत होती? मी पाण्याच्या हौदावर होते, तेव्हाच दोघी समोरासमोर आल्या. त्यांचं असं सरळ बोलणं मी कित्येक दिवसांनी ऐकत होते.

"राहेलवहिनी, तुमच्या पाया पडते," काकू म्हणाली. ती खरंच वाकली होती.

"माझ्या पायाला हात लावू नको. धुवावा लागंल."

"माझ्या पोराचा संसार मोडून तुमचा शमू परत यणार हाय का?"

"त्याचं नाव घेऊ नको तुझ्या तोंडानं."

"घेईन! माझ्या मांडीवरबी खेळला तो. मीबी न्हाऊ घातलं त्याला. तुम्हांलाच काय एकटीला दुःख?"

"मग तुझ्या लेकाला इचार ना, शिडी का सोडली! एवढं इचार. मी बोलायची बंद होते." आईने कळशी हौदाच्या कट्ट्यावर आपटली. "चार वर्षं झाली. एकदा तरी आला का माझ्या दारात, म्हणाला का, 'मोठीआई, हात सुटला, चूक झाली'? एकदा? दगडालाबी पाझर फुटतो."

काकूने पदराने तोंड दाबलं. मग एकदम तिचा सूर बदलला, आणि दुखावलेलं माणूस बोलतं तसं ती वाईट बोलली.

"तुमाला लेक नको व्हता, तुमाला वैर हवं व्हतं. लेक मेला तवापासून तुमी जास्त जिवंत झाल्यात."

आईने कळशीतलं पाणी तिच्या अंगावर फेकलं. सगळं. हौदावरच्या बायका मागे सरकल्या. काकू भिजून उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. मग ती रिकामीच घागर कमरेवर घेऊन निघून गेली.

मी योहानला शोधत गेले. तो मळ्यात उसाला पाणी देत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहून म्हणाला, "सलाम, ताई."

"योहान, तू जा तिच्याकडे. चूक झाली म्हण. तेवढंच हवंय तिला. आत्ता जा."

"नाही जमणार."

"का नाही? हात सुटला असेल, घाम आला असेल, काहीही. कुणी तुला खुनी म्हणत नाही."

"मोठीआई म्हणते की."

"म्हणून तर सांगतेय! तुझं लग्न मोडेल. सुलोचनाचं काय?"

त्याने फावड्याने पाटाचं तोंड बंद केलं, दुसरं उघडलं. पाणी वळलं. "तिला मी सांगितलंय, की मला न विचारता माझ्यावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेव. ती हो म्हणाली. तिच्या बापाचं मी सांगू शकत नाही."

"न विचारता काय? काय आहे न विचारण्यासारखं?"

त्याने फावड्यावरचा चिखल पायाने काढला.

"मोठे बाबा जेवतात का गं नीट?" त्याने विचारलं. "खोकला फार आहे म्हणत होती आई."

मला राग आला. इतका, की मी चिखलातलं ढेकूळ उचलून त्याच्या बाजूला फेकलं आणि घरी आले.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन झालं. शेवटच्या जेवणाची आठवण ती. आई शेवटच्या बाकावर बसून राहिली, दर वर्षीसारखी. पण त्या दिवशी बाबाही उठले नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नसावं. घरी येऊन त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, "राहेल, उद्या बोलू नकोस."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"तुमी सांगता! तुमी चार वर्षांत काय सांगितलं मला? पोरगा गेला तरी रडला न्हाई तुमी माझ्यासमोर. त्या पुतण्याला एक शब्द बोलला न्हाई. उलट त्याच्याच मळ्यात जाऊन बसता. तुमच्या लेकाचा कैवार मलाच घ्यावा लागला, एकटीला." तिचा आवाज फुटला, पण तिने तो लगेच सावरला. "आता मला सांगा, का नको बोलू?"

बाबांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, त्यांचे ओठ काहीतरी धरत होते आणि ते निसटत होतं. मग ते वळले आणि ओट्यावर जाऊन बसले. आईने चूल विझवली. त्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

*

उत्तम शुक्रवारी देवळावर घंटा वाजत नाही. वेदीवर काळं कापड असतं, फुलं नसतात. बायका पांढऱ्या साड्यांत येतात. दारं-खिडक्या उघड्या असूनही आत इतका उकाडा होता की बाकाच्या लाकडाला हात चिकटत होता.

लाजरस मास्तर पहिल्या ओळीत बसले होते. काळा कोट, पांढरी टोपी, मांडीवर छत्री. ताठ. बाजूला त्यांच्या बायकोने सुलोचनाला मध्ये घेतलं होतं. ती मान खाली घालून बसली होती.

याकोब सुतार क्षमेवर बोलला. थोडं बोलला, अडखळत, आणि बायका डोळे पुसत राहिल्या. म्हाताऱ्या दाईने चोराची गोष्ट नातवंडांना सांगावी तशी सांगितली. दोन गीतं झाली. मग पाळक म्हणाले, "तिसरा उद्गार," आणि आईकडे न बघता बसले.

आई व्यासपीठावर चढली. तिच्या हातात कागद नव्हता. तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले, जात्याच्या खुंट्यावर ठेवायची तसे.

"मला उपदेश यत न्हाई," ती म्हणाली. "मी जात्यावरची बाई. पण हा उद्गार मला कळतो. खाली आई उभी हाय. वर लेक मरतोय. तिच्यानं त्याला हात लावता यत न्हाई. पाणी पाजता यत न्हाई. मला बरं म्हणायचं, मला माझ्या लेकाला मांडीवर तरी घेता आलं. डोकं फुटलेलं. पण घेता आलं."

आईचा आवाज मऊ होता. मला वाटलं, तिने मन बदललं. मला खरंच तसं वाटलं.

"वरून लेक काय करतो? मरता मरता आईचा इचार करतो. आपला जिवलग शिष्य तिथं उभा हाय, त्याच्या हातात तिला देतो. त्याला म्हणतो, ही आता तुझी आई. आईला म्हणतो, हा तुझा लेक. मी इतकी वर्षं हे ऐकलं. यंदा चिठ्ठी माझ्या नावानं निघाली, तवा मला एक कळलं." ती थांबली. "तो शिष्य शेवटपर्यंत तिथंच उभा व्हता. बाकीचे पळाले, हा न्हाई पळाला. म्हणून त्याच्या हातात आई देता आली. माझ्या लेकाजवळ बी एक उभा व्हता. एका ताटात जेवलेला. माझ्या हातचं दूध प्यालेला. त्याच्याबी हातात काहीतरी दिलं व्हतं."

मार्थाकाकूच्या तोंडून हुंदका निघाला. पाळक खुर्चीच्या टोकावर आले.

"लाजरस मास्तर," आई म्हणाली, "तुमी शिकलेलं माणूस. पोरीला ज्या हातात देताय, ते हात जरा बघून घ्या. त्या हातांनी एकदा—"

"वहिनी!" काकू ओरडली.

"मधी बोलायचं न्हाई, मार्था! हे प्रभूच्या मरणाचे तास हायेत. उभा ऱ्हा, योहान. सगळ्यांना दिसू दे."

आणि योहान उभा राहिला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नसता राहिला, पण ती म्हणाली म्हणून राहिला. खाली मान, हात बाजूला सोडलेले. लाजरस मास्तरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सुलोचनाच्या आईने तिचा हात घट्ट धरला. मास्तर छत्री घेऊन उठायच्या बेतात आले, ते त्यांच्या गुडघ्यांवरून मला दिसलं.

तेव्हा माझ्या बाजूचं बाक करकरलं.

बाबा उठले होते. पंचांनी तर मुळीच उठू नये अशा वेळी.

"राहेल, थांब."

"तुमी बसा."

"चार वर्षं बसलोच होतो," बाबा म्हणाले.

"मोठे बाबा, नका," योहान म्हणाला. त्याने मान वर केली होती. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, विनवणीचा. "काही गरज नाही. बसा तुम्ही. मी जातो बाहेर."

"तू कुठं जाऊ नकोस." बाबांनी समोरच्या बाकाची पाठ धरली. "पाळकसाहेब, रीत मोडतोय. पण मला आजच बोलू द्या. उद्या माझ्यानं होणार नाही. मास्तर, तुम्हीही बसा. या पोराने तुमच्याशी खोटं केलेलं नाही. हे तुमच्या सोयऱ्याचं घर आहे, म्हणून हे घर काय आहे ते ऐकून घ्या."

लाजरस मास्तर बसले. आई कठड्याला धरून उभी होती. तिला काही कळलेलं नव्हतं, किंवा नुकतंच कळू लागलं होतं. तिचा पदर डोक्यावरून घसरला, तो तिने सावरला नाही.

"शिडी योहानच्याच हातात होती, तुम्ही पाहिलं ते खरं," बाबा म्हणाले. "पण ताऱ्याची दोरी कडुलिंबाच्या फांदीला अडकली. मी त्याला म्हणालो, जा, सोडव, तोवर मी धरतो. तो गेला. तुम्ही सगळे वर ताऱ्याकडे बघत होतात. शिडी मी धरली. घट्ट धरली होती. मला वर शमूचे पाय दिसत होते. चपला त्याने खालीच काढल्या होत्या."

"मोठे बाबा..."

"तू गप बस, बाळा. तू फार बसलास माझ्यासाठी गप, आणखी एकदा बस." ते आईकडे बघत होते, फक्त आईकडे. "त्याने पाहिलं. त्याचे एकट्याचे डोळे उघडे होते, दोरीत हात होता म्हणून. त्या दिवशी पंचांनी विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. एवढंच झालं आमच्यात. नंतर एक शब्द नाही. दर नाताळाला वाटायचं, आता सांगेन. दर ईस्टरला वाटायचं. तू जात्यावर बसायचीस, आणि मला वाटायचं, पुढची ओवी झाली की उठून सांगेन."

"काय," आई म्हणाली. प्रश्नासारखं नाही. नुसतंच, "काय."

बाबांचे हात बाकाच्या पाठीवरून सुटले. ते छातीशी आले आणि तिथेच थांबले.

"म्हातारे पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू या. पोर होतो तेव्हापासून या देवळात ते शब्द ऐकतोय, राहेल. मी विचार केला नाही. शपथेवर सांगतो, विचारच केला नाही. माझे डोळे मिटले. आणि मी हात जोडले. पोरगा वर होता, आणि शिडी सोडून मी हात जोडले."